श्रमातून सुटलेला घोडा : अश्वसाहाय्यित उपचारांचा ऐतिहासिक मागोवा

घोड्याच्या सहवासातून माणसाचे शरीर आणि मन सावरण्यासाठी जे उपक्रम आज युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर आणि भारतातील काही शहरांत तुरळकपणे चालतात, त्यांना 'अश्वसाहाय्यित उपचार' असे सर्वसमावेशक नाव देता येते. या नावाखाली तीन वेगळ्या पद्धती मोडतात. पहिली 'हिप्पोथेरपी', म्हणजे घोड्याच्या चालीचा रुग्णाच्या स्नायूंवर आणि तोलावर होणारा परिणाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली उपचार म्हणून वापरणे. दुसरी 'उपचारात्मक अश्वारोहण', ज्यात अपंग व्यक्ती प्रत्यक्ष स्वारी शिकते आणि ते शिकणे हेच तिच्या उभारीचे साधन ठरते. तिसरी स्वारी वर्ज्य करून जमिनीवर उभे राहूनच घोडा हाताळण्याची पद्धत, जिचा रोख मानसिक आघात, व्यसन, आत्मविश्वासाचा अभाव किंवा नातेसंबंधांतील ताण यांवर असतो. या तिन्हींची वंशावळ सांगताना प्राचीन ग्रीसपर्यंत मागे जाण्याचा प्रघात आहे. मात्र घोडा जोवर लष्कराचा, शेतीचा आणि वाहतुकीचा कणा होता, तोवर त्याला उपचाराचे साधन मानणारी संस्था कोठे टिकून उभी राहिल्याचे दिसत नाही. अशा संस्थांची मालिका सुरू झाली ती घोडा या तिन्ही कामांतून मोकळा होत गेल्यावर, १९५० नंतरच्या दोन दशकांत. हा योगायोग नाही, आणि या उपचारपद्धतींची बलस्थाने व मर्यादा समजून घ्यायच्या तर तो कालक्रम आधी लक्षात घ्यावा लागतो.

ग्रीक परंपरेतून जे खरोखर हाती लागते, ते घोड्याने माणसाला बरे करण्याविषयी नसून माणसाने घोड्यापुढे स्वतःला आवरण्याविषयी आहे. अथेन्सचा सेनानी आणि लेखक झेनोफन याने इ.स.पू. चौथ्या शतकात अश्वविद्येवर लिहिलेला ग्रंथ आजही उपलब्ध आहे. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, हा त्यातील मुख्य उपदेश होय. एखादी वस्तू पाहून घोडा बुजला, तर त्याला मारून पुढे रेटू नये, कारण मार बसताच ती वस्तू आणि वेदना यांची सांगड त्याच्या मनात बसते आणि भीती दुणावते; त्याऐवजी स्वाराने स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला सबुरीने जवळ न्यावे, असे झेनोफन सांगतो. हा उपदेश सैनिकासाठी होता आणि त्याचा हेतू उघडपणे व्यावहारिक होता, कारण रणांगणावर बुजणारा घोडा स्वाराचा जीव घेतो. तरीही स्वतःचा क्षोभ ताब्यात ठेवल्याशिवाय घोडा ताब्यात येत नाही, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले आणि पुढे शतकानुशतके ते घोडदळाच्या शिकवणुकीत मुरत राहिले.

वैद्यकाची परंपरा मात्र वेगळ्या दिशेने गेली. रोमन काळातील वैद्य गेलेन याने व्यायामाच्या प्रकारांत घोडेस्वारीची गणना केली. इटालियन वैद्य जिरोलामो मेर्कुरियाले याने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यायामविद्येवरील लॅटिन ग्रंथात स्वारीच्या गुणदोषांची चर्चा केली, आणि सतराव्या शतकातील विख्यात इंग्रज वैद्य टॉमस सिडनॅम तर क्षयरोग्यांनाही रोज लांबवर रपेट मारण्याचा सल्ला देत असे. त्याच धर्तीवर फ्रान्सिस फुलर याने १७०५ मध्ये व्यायामाच्या रोगनिवारक सामर्थ्यावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आणि त्यात घोडेस्वारीला मानाचे स्थान दिले. या सर्वांच्या विवेचनात उपचाराचा कर्ता घोडा नसून त्याच्या चालीने बसणारे हिसके हा होता. शरीरातील द्रव साचून राहिले की रोग होतो, या तत्कालीन समजुतीनुसार पोट आणि छाती हलवणारी दुडकी चाल ही साचलेले मोकळे करणारी क्रिया ठरत असे. घोड्याचा स्वभाव, त्याची भीती किंवा त्याची जवळीक यांचा या वैद्यांनी विचार केला नाही, कारण ज्या समाजात घोडा दारोदार होता, तेथे त्याच्या निव्वळ सहवासात काही विशेष असल्याचे कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते.

गुण हिसक्यात असेल तर घोडा हवाच कशाला, हा प्रश्न यातून ओघानेच निघतो, आणि अठराव्या शतकातील इंग्लंडने त्याचे उत्तर फर्निचरच्या दुकानात शोधले. 'चेंबर हॉर्स' नावाची व्यायामाची खुर्ची श्रीमंत घरांत दिसू लागली. तिची बैठक उंच असून भात्यासारख्या चुण्या पडलेल्या कातड्याने मढवलेली असे, आत फळ्यांच्या थरांमध्ये स्प्रिंग बसवलेल्या असत आणि दोन्ही बाजूंचे लाकडी हात धरून बसलेल्या माणसाने अंग वरखाली केले की बैठक दबून पुन्हा उसळत असे. टॉमस शेरेटन या नामांकित फर्निचर-रचनाकाराने १७९० च्या दशकातील आपल्या नमुनापुस्तकात या खुर्चीची आकृती दिली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात स्टॉकहोमच्या गुस्ताव झांडर या वैद्याने यंत्रांच्या साहाय्याने व्यायाम देणारी संस्था काढली आणि त्याच्या यंत्रसंचात घोडेस्वारीचे अनुकरण करणारे यंत्रही होते. १९१२ मध्ये बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाच्या व्यायामशाळेत विजेवर चालणारा घोडा बसवलेला होता. घोड्याच्या उपचारगुणाची ही यांत्रिक व्याख्या शेवटपर्यंत ताणली की त्यातून घोडाच वगळला जातो, हे या सामग्रीने दाखवून दिले.

घोड्याची दुसरी क्षमता मात्र यंत्रात उतरवता येण्यासारखी नव्हती, आणि ती शास्त्रीय चौकशीत सापडली ती एका फजितीच्या निमित्ताने. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त शिक्षक आपला 'हान्स' हा घोडा गणित करतो असे लोकांना दाखवत असत. बेरीज विचारली की हान्स उत्तराइतक्या वेळा टाप आपटून थांबत असे. १९०४ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळाला त्यात लबाडी आढळली नाही. परंतु मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट याने पुढे पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा प्रश्नकर्त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल किंवा प्रश्नकर्ता घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर हमखास चुकते असे दिसून आले. प्रश्न विचारल्यावर माणूस टापांकडे पाहण्यासाठी नकळत किंचित पुढे झुकतो आणि अपेक्षित आकडा येताच त्याचे डोके तितक्याच सूक्ष्मपणे वर उचलले जाते. हान्स ही हालचाल टिपत होता. फुंग्स्टने स्वतः घोड्याची भूमिका घेऊन, समोरच्या माणसाच्या मनातील आकडा केवळ त्याच्या हालचालींवरून ओळखून दाखवला. १९०७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घोड्याच्या बुद्धीचा फुगा फुटला असाच त्यांचा अर्थ लावला गेला. माणसाला स्वतःलाही न जाणवणारे त्याच्या देहाचे बोलणे घोड्याला वाचता येते, हा त्यातील विधायक भाग उपचाराच्या क्षेत्रात उपयोगात येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

दरम्यान घोड्याचे सामाजिक स्थान ढासळत होते. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्यावर १९६० पर्यंत ती संख्या ३० लाखांच्या आसपास उतरली. ब्रिटिश घोडदळाच्या पलटणींना १९२८ पासून घोड्यांऐवजी चिलखती गाड्या देण्यास प्रारंभ झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्थित्यंतर जवळजवळ पूर्ण झाले. घोड्याला प्रशिक्षण देण्याची विद्या ज्यांच्याकडे होती, असे अधिकारी त्यामुळे नागरी जीवनात आले; हंगेरीच्या घोडदळातील बर्तालन द नेमेथी १९५५ पासून अमेरिकेच्या अश्वारोहण संघाचे प्रशिक्षक झाले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. लष्करी गरजेपोटी शतकानुशतके साठवलेले ज्ञान अशा रीतीने शाळा, क्लब आणि छंदासाठी घोडा पाळणारी घरे यांच्याकडे वाहत गेले, आणि या नव्या वर्तुळात स्त्रियांचे व मुलांचे प्रमाण वाढत राहिले.

या बदलाचा दाखला ऑलिंपिकच्या नियमांत मिळतो. 'ड्रेसाज' या क्रीडाप्रकारात स्वाराच्या जवळजवळ अदृश्य इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली, वळणे आणि थांबे अचूकपणे करून दाखवायचे असतात. १९४८ पर्यंत यात भाग घेण्याचा अधिकार सनदी लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता, आणि हा नियम किती कठोर होता हे त्याच वर्षी दिसले: स्वीडनच्या विजेत्या संघातील गेनॉल पेरसन हा वस्तुतः खालच्या हुद्द्याचा सैनिक असून केवळ स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती असे उघड झाल्यावर, १९४९ मध्ये त्या संघाचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेत मात्र हे दार नागरिकांना आणि स्त्रियांनाही उघडले, आणि त्यातून आत आलेल्या मोजक्या स्त्रियांत डेन्मार्कची लिस हार्टेल होती.

१९२१ मध्ये जन्मलेल्या हार्टेलला १९४४ मध्ये, दुसऱ्यांदा गरोदर असताना, पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मले, परंतु गुडघ्यांखालचे तिचे पाय कायमचे निकामी झाले. तरीही ती पुन्हा घोड्यावर बसू लागली, १९४७ मध्ये स्कँडिनेव्हियन स्पर्धेत दुसरी आली आणि हेलसिंकीत 'ज्युबिली' नावाच्या घोडीवर तिने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. तिला घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी इतरांची मदत लागत असे. स्वार बहुतेक इशारे पोटऱ्यांच्या दाबाने देतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदकाचे तांत्रिक मोल कळते: ज्या अवयवांनी घोड्याशी संवाद साधायचा त्यांचाच उपयोग नसल्याने तिला पाठ, बैठक आणि देहभाराचा सूक्ष्म बदल यांवर सर्व इशारे बेतावे लागले, आणि ज्युबिलीने ही बदललेली भाषा आत्मसात केली. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरण नियमांमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या, तेथेही हार्टेलला रौप्यपदक मिळाले.

हेलसिंकी स्पर्धा संपते न संपते तोच कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ पसरली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांना जगवण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशवी हाताने दाबत श्वास पुरवला. साथीतून वाचलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा प्रश्न उत्तर युरोपभर ऐरणीवर असताना हार्टेलचे उदाहरण डोळ्यांसमोर होते, त्यामुळे स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटन येथे अपंग मुलांना तट्टांवर बसवण्याचे छोटे उपक्रम पन्नाशीच्या दशकातच सुरू झाले. ब्रिटनमधील विखुरलेल्या गटांची सल्लागार परिषद १९६४ मध्ये बनली आणि १९६९ मध्ये तिचे 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' या संस्थेत रूपांतर झाले. १९७१ मध्ये राजकन्या ॲन तिच्या आश्रयदात्या झाल्या. अमेरिकेत याच कार्यासाठीची राष्ट्रीय संघटना १९६९ मध्येच स्थापन झाली. या केंद्रांची कार्यपद्धती तेव्हा बसली ती आजतागायत फारशी बदललेली नाही: शांत स्वभावाचे, साधारणपणे वयस्क तट्टू, चाकाच्या खुर्चीतून थेट खोगिरावर सरकता यावे म्हणून उतरणीचा ओटा, लगाम धरून पुढे चालणारा एक मदतनीस आणि स्वाराच्या मांडीला व टाचेला आधार देत दोन्ही बाजूंनी चालणारे दोघे. एका मुलामागे तीन माणसे लागत असल्याने हे काम स्वयंसेवकांवाचून चालू शकत नाही, आणि युद्धानंतरच्या ब्रिटिश खेड्यांत घोडा पाळणारी, सवड असलेली कुटुंबे नसती तर ही संस्था इतक्या वेगाने पसरली नसती.

पोलिओची लस १९५५ नंतर उपलब्ध झाली आणि त्या रोगाचे रुग्ण घटत गेले, तसा या केंद्रांचा भर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडलेल्या मुलांकडे वळला. येथे जर्मन भाषक देशांतील फिजिओथेरपिस्टांनी महत्त्वाचे काम केले. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याच्या पाठीवरील माणसाची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत असे तिन्ही दिशांनी हलते, आणि ही हालचाल माणूस स्वतःच्या पायांनी चालताना होणाऱ्या हालचालीशी जुळती असते. ज्या मुलाला कधीच चालता आलेले नाही, त्याच्या धडाला आणि कण्याला चालण्याचा अनुभव अशा प्रकारे पायांवाचून मिळतो, आणि प्रत्येक पावलागणिक तोल सावरताना त्याचे स्नायू कामाला लागतात. जुन्या वैद्यांनी उचलून धरलेली दुडकी येथे गौण ठरली आणि त्यांनी दुर्लक्षिलेली संथ चाल मुख्य झाली. जर्मनीत १९७० मध्ये स्थापन झालेल्या उपचारात्मक अश्वारोहणाच्या मंडळाने वैद्यकीय उपचार, शैक्षणिक-मानसिक साहाय्य आणि अपंगांचा क्रीडाप्रकार अशी क्षेत्रांची विभागणी रूढ केली, ज्यामुळे कोणत्या कामासाठी कोणती व्यावसायिक पात्रता लागते याविषयी स्पष्टता आली.

मनाच्या उपचारासाठी घोड्याचा वापर हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा टप्पा असून त्याची भूमी प्रामुख्याने अमेरिकेची आहे. पश्चिम अमेरिकेतील टॉम डॉरन्स, रे हंट यांसारख्या अश्वप्रशिक्षकांनी, घोडा मोडून काढण्याऐवजी त्याची प्रतिक्रिया वाचत त्याला शिकवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केली. निकोलस एव्हान्स यांच्या 'द हॉर्स व्हिस्परर' या १९९५ च्या कादंबरीने आणि तीवरील चित्रपटाने ती कल्पना घराघरांत पोहोचवली. कोलोरॅडोतील कॅनन सिटी येथील तुरुंगात १९८६ पासून कैद्यांकडून रानटी घोड्यांना माणसाळवून घेण्याचा सरकारी उपक्रम सुरू झाला, ज्याचे मूळ कारण १९७१ च्या कायद्याने संरक्षित झालेल्या आणि संख्येने वाढलेल्या रानटी घोड्यांची व्यवस्था लावणे हे होते. कैद्यांच्या वर्तनाकडे पुनर्वसनाच्या दृष्टीने पाहिले गेले ते त्या अनुषंगाने. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'इगाला' या संघटनेने स्वारी पूर्णतः वगळून, एक मानसोपचार व्यावसायिक आणि एक अश्वतज्ज्ञ यांनी मिळून सत्र घ्यावे असा साचा घालून दिला.

या सत्रांत घडते ते बाह्यतः अगदी साधे असते. सहभागी व्यक्तीने मोकळ्या कुंपणात घोड्याजवळ जायचे, त्याला दोर लावायचा, खरारा करायचा, किंवा दोराशिवाय त्याला ठरावीक जागेपर्यंत न्यायचे. घोडा हा कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा प्राणी असल्याने तो जवळच्या प्रत्येक हालचालीकडे सावधपणे पाहतो. माणूस तणावात, श्वास रोखून, तावातावाने पुढे आला तर तो कान मागे पाडतो, मान वळवतो किंवा सरळ निघून जातो, आणि तोच माणूस खांदे सैल सोडून थांबला तर बहुधा जवळ येऊ देतो. तज्ज्ञाचे काम या प्रतिसादाकडे लक्ष वेधून, त्यावेळी मनात काय चालले होते हे त्या व्यक्तीला शब्दांत मांडू देणे हे असते. बर्लिनमध्ये जी क्षमता भ्रमनिरासाचे कारण झाली, तीच येथे साधन बनली आहे. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहरा पाहताना घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढत, असे आढळले.

घोडा माणसाचा भाव ओळखतो एवढ्यावरून त्याच्या सहवासाने माणूस बरा होतो असे मात्र सिद्ध होत नाही. २०१४ मध्ये मानसिक विकारांवरील अश्वसाहाय्यित उपचारांच्या अभ्यासांचा जो चिकित्सक आढावा प्रसिद्ध झाला, त्याने उपलब्ध पुरावा अपुरा आणि अभ्यासांची मांडणी सदोष ठरवली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आघातोत्तर तणावविकाराने ग्रस्त ६३ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे घटली, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. याउलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडोतील अभ्यासात ६ ते १६ वयोगटातील १२७ स्वमग्न मुलांचा समावेश होता आणि त्यातील तुलनेच्या गटाला तबेल्यातच, पण घोड्याच्या संपर्काशिवाय, अश्वविद्येचे धडे दिले गेले; दहा आठवड्यांनी स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता तुलनेने कमी झाली. मोकळी हवा, व्यायाम, प्रशिक्षकाचे लक्ष आणि नावीन्य यांतून घोड्याचा वाटा वेगळा काढणे ही या क्षेत्राची मूळ अडचण असून, ती पद्धतीच्या दृष्टीने फुंग्स्टपुढील अडचणीहून फार निराळी नाही.

महाराष्ट्रात हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांच्या जोरावर उभी राहिलेली अश्वसंस्कृती, जीत सरकारी घोड्यावरचा बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार, घोडा शिकवणारा चाबूकस्वार आणि दाणावैरण व खरारा पाहणारा मोतद्दार अशी कामांची काटेकोर विभागणी होती, ती १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर आश्रयावाचून विस्कटली. म्हणजे येथे घोडा युद्धातून सुटला तो यंत्रे येण्याच्या शंभर वर्षे आधी, आणि त्यातून मोकळी झालेली विद्या सामावून घेणारा सधन छंदिष्ट वर्ग उभा राहिला नाही. मुंबई-पुण्याच्या शर्यती, लष्कर, पोलीस आणि माथेरानसारखी पर्यटनस्थळे एवढ्यापुरता घोडा उरला, व ज्यांच्या हातात त्याची रोजची उठाठेव राहिली त्या मोतद्दारांचे ज्ञान औपचारिक शिक्षणाच्या बाहेरच राहिले.

या सर्व वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक काळाने घोड्यात आपल्या वैद्यकाला हवा तो गुण पाहिला: सतराव्या शतकाने हिसका पाहिला, पोलिओच्या पिढीने गती पाहिली, आणि एकाकीपणा व आघात यांनी त्रस्त झालेल्या आजच्या समाजाने प्रतिसाद पाहिला. हे गुण घोड्यात नव्हते असे नाही. ते दिसण्यासाठी त्याच्याकडे श्रमाखेरीज अन्य दृष्टीने पाहण्याची फुरसत लागत होती. ती फुरसत खर्चिक असते, कारण कामावाचून उभ्या असलेल्या जनावरालाही चंदी, नाल आणि पशुवैद्य लागतोच. म्हणून जेथे हा उपचार टिकला, तेथे त्यामागे घोडा जाणणारे, रुग्ण जाणणारे आणि खर्च उचलणारे असे तीन घटक एकत्र आलेले दिसतात. यांपैकी एकही गळाला की उरते ती एक तर रपेट, नाही तर जाहिरात.